कुयलीचे पहिले पाणी

हौसाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. घरात घड्याळ नव्हते. दुसरा कोंबडा आरवला की ती उठे, चुलीवर पेज चढवी, हातांना कोपरापर्यंत करंजेल चोळी आणि ओले गोणपाट डोक्यावर घेऊन निघे. गोणपाटाला डोळ्यांपुरती दोन भोके पाडलेली होती. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, एक दिवसाआड, हे ठरलेले.

काम खाजकुयलीच्या शेंगा काढण्याचे. आमच्या फणसोपला कातळाच्या कडेने, वईवर म्हणजे काटेरी कुंपणावर, कुयलीचे वेल माजतात. शेंगेवर सोनेरी लव असते. ती अंगाला लागली की माणसाला स्वतःचे कातडे सोलून टाकावेसे वाटते. दहिवर असेपर्यंत लव शेंगेला चिकटून राहते. ऊन चढून दहिवर सुकले की साध्या झुळकीने उडते. म्हणून काम उन्हाआधी संपवायचे. पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो पाठीवर घ्यायचा. शेंग ओढायची नाही. देठाशी कोयतीने कापायची आणि पाटीत सोडायची. हौसा तासाभरात पायलीभर शेंगा काढी. मी एकदा करून पाहिले. अर्धी पायली निघाली, आणि दोन दिवस मी म्हशीसारखा खांबाला पाठ घाशीत होतो.

हे काम तिने का धरले ते सांगायचे तर आधी केरूचे सांगावे लागेल. केरू तिचा नवरा. तो आणि मी सतरा वर्षे एका करवतीवर होतो.

लाकूड कापायची मोठी करवत दोघांची असते. ओंडका घोडीवर चढवायचा. एक जण वर उभा राहतो, एक खाली. वरचा सुताने मारलेली रेघ सांभाळतो, खालचा ओढतो आणि भुसा खातो. केरू वरचा, मी खालचा. खालच्याला वरच्याचा हात दिसत नाही, पण करवतीतून कळतो. सन एकतीसच्या दिवाळीनंतर मला कळू लागले की केरूची परतीची ओढ उशिरा येते. माझी ओढ संपे, करवत वर जायला हवी, आणि ती क्षणभर तिथेच अडे. मी आधी दातांना दोष दिला. दात कानशीने घासले. मग लाकडाला दोष दिला. फणस सोडून आंबा घेतला, आंबा सोडून सावर. सावर म्हणजे लोण्यासारखे लाकूड. त्यातही करवत अडली. तेव्हा मी वर पाहिले.

विसावा घेताना त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला असे आणि अंगठा न् बोट विडी वळल्यासारखी एकमेकांवर फिरत राहत. हात कामाला लावला की थांबे. रिकामा ठेवला की पुन्हा सुरू.

"केरू, कोनाची इडी वळतंस रे?" गाडीवान विचारीत.

"सासऱ्याची," केरू म्हणे. "मेला वढीत नाय, नि मी थांबत नाय."

दोन वर्षांत तो विनोद करीनासा झाला. त्याची करवत सुटली. आवाज बारीक झाला. तोंडावरून राग की हसू कळेना. उंबरठ्यापाशी आला की त्याचे पाय जमिनीला खिळत. मागून कोणी हात लावला तर पडे, न लावला तर तिथेच उभा राही. पेजेची वाटी तोंडाशी नेईपर्यंत अर्धी छातीवर सांडे. गावजेवणात केरू वाढायला पुढे आणि जेवायला शेवटी, असा माणूस होता. तो पंगतीला जायचा थांबला. हौसा त्याला आतल्या खोलीत भरवी आणि दार लावून घेई.

पुढे तिने पुष्कळ कष्ट केले, पण तिला हवे होते ते एकच. त्याने चार माणसांत बसून आपल्या हाताने जेवावे.

पावस गावच्या वैद्याने नाडी पाहून कंपवात सांगितला. कुयलीचे बी शिजवून दुधातून दे म्हणाला. हौसाने सहा महिने दिले. गुण आला नाही. मात्र बी कसे करायचे ते तिच्या हाताला बसून गेले. पुढे जे झाले ते त्यावरून झाले.

सन चौतीसच्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीत हरिश्चंद्र खातू नावाचे डॉक्टर आले. ते रोगी तपासत नसत. मुंबईला एका प्रयोगशाळेत अकरा वर्षे काढून आले होते. त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या, त्यात काचेच्या नळ्या, तराजू, दिवे मांडले आणि कुयलीच्या शेंगा काढणारा माणूस हवा म्हणून निरोप फिरवला. चार गडी गेले. एकेक दिवस काम करून चौघे पळाले. हौसाने ऐकले आणि मला म्हणाली, "भावजी, मना तरीच्या पलीकडं नेऊन सोडा. मंग माजी मी बोलीन."

भाट्याची खाडी तरीतून ओलांडून आम्ही गेलो. डॉक्टर चाळिशीचे, किडकिडीत, बोटे औषधांनी पिवळी पडलेली. हौसाला पाहून म्हणाले, "पुरुष टिकले नाहीत बाई. तू काय टिकणार?"

"बाईमाणसाला खाज कमी सुटते काय?" हौसा म्हणाली. "सुटते तेवडीच. पन आमी घरी सांगत नाय."

डॉक्टर हसले. दिवसाआड पायलीभर शेंगा, आणि बी सोलून इथल्या जात्यावर दळून द्यायचे, असे ठरले. मग हौसा म्हणाली, "माज्या घरात कापरं हाय. तेंना दवा द्याल?"

"माझ्याकडे दवा नाही," डॉक्टर म्हणाले. "दवा आहे की नाही तेच शोधतोय."

त्यांनी तिला एक रंगवलेले चित्र दाखवले. माणसाच्या मेंदूच्या बुडाशी एक काळी रेघ असते. हात थरथरण्याच्या दुखण्यात मेलेल्या माणसांची ती रेघ फिकी पडलेली असते. मुंबईत त्यांनी स्वतः तीन मेंदू चिरून पाहिले होते, तिन्हींची रेघ पुसट. आणि कुयलीच्या बियांचा रस उघडा ठेवला की काळा पडतो. जुने वैद्य तेच बी या दुखण्यावर देतात. "या दोन काळ्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. बहुधा नसेल. पण विचारायला तर हवा."

हौसा घरी येताना तरीत मला म्हणाली, "मेंदवात काजळ असतं म्हनं. आमच्या घरातल्यांचं कोनी पुसलान?"

केरूलाही दर बुधवारी आणायचे ठरले. गाडीतून भाट्यापर्यंत, मग तरीची होडी, मग पुन्हा गाडी. तिथे एक पितळी ढोल होता, चावीने हळूहळू फिरणारा. त्यावर कागद गुंडाळायचा आणि चिमणीच्या धुरावर धरून काळा करायचा. केरूच्या बोटाला दोऱ्याने गवताची काडी बांधायची. काडीचे टोक काजळीवर टेकले की बोट जसे हले तशी पांढरी रेघ उठे. कागद काळा करायचे काम डॉक्टरांना नीट जमत नव्हते. कुठे जाड, कुठे पातळ. हौसाने दुसऱ्याच बुधवारी तो त्यांच्या हातातून घेतला. "काजळ धरायला बायकूमानूस लागतं," म्हणाली. तिने धरलेला कागद कडेपासून कडेपर्यंत सारखा.

पहिल्या बुधवारची रेघ मी पाहिली. वर खाली, वर खाली, टोकदार, सारख्या अंतराने.

"रावजी, बग," केरू माझ्याकडे बघून पुटपुटला. "माजी करवत चाललीय की. खालचा मानूसच नाय तेवडा."

त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला पुड्या दिल्या. कुयलीच्या पिठाच्या, तोलून बांधलेल्या. रोज सकाळी एक. दर बुधवारी रेघ काढायची आणि करवतीचे दात लहान होतात का पाहायचे.

आता हौसा बी कसे करी ते सांगतो. आमच्याकडे कडवे वाल कोणी नुसते शिजवून खात नाही. भिजवायचे, उकळायचे, पहिले पाणी ओतून टाकायचे. पहिले पाणी माणसाच्या पोटात घालायचे नसते, हे आमच्या मुलींना चुलीशी बसायच्या आधी कळते. कुयली तर वालापेक्षा कडू आणि उग्र. कच्ची खाल्ली तर डोके फिरते असे सगळे सांगत. म्हणून हौसा बी रात्रभर भिजत घाली, सकाळी उकळी, काळे पाणी परसात केळीच्या बुंध्याशी ओती, नवे पाणी घालून पुन्हा उकळी, तेही ओती, आणि तिसऱ्यांदा उकळी. मग टरफल काढून डाळ उन्हात सुकवी आणि सुकलेली डाळ रत्नागिरीला नेऊन दळी. तीन उकळ्यांना लाकडाचा एक भारा लागे. तो ती डोंगरातून स्वतः आणी. एवढे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. त्यांनी विचारलेही नव्हते. ते मुंबईत वाढलेले, त्यांना वाटले बी सोलले की डाळ निघते. हौसाला वाटले, एवढे कोणाला सांगायचे असते का? आपल्या माणसाच्या पोटात जाणार, तर चांगले करूनच दिले पाहिजे.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. रेघेचे दात होते तसे राहिले. डॉक्टर पिठाचा अर्क काढून त्यात लोखंडाच्या क्षाराचे थेंब टाकीत. हिरवा रंग चढायला हवा होता. चढे, पण इतका फिका की उजेडात धरून शोधावा लागे. त्यांचे बोलणे कमी झाले. माघात एकदा हौसाने विचारले, "डाक्टरसायब, माजं दळन जाडं होतंय काय?"

"दळणात खोट नाही. माझ्या प्रश्नात खोट आहे." मग ते म्हणाले, "चैत्र संपेपर्यंत बघतो. मग हे बंद. मुंबईची जुनी जागा अजून मोकळी आहे."

हौसा परत आली ती आमच्याकडे. माझ्या बायकोने पाणी दिले तर भांडे हातात धरून बसली. चैत्र संपायला नऊ आठवडे होते. केरूला आता गिळताना ठसका लागू लागला होता. कोणता घास नरड्यात अडकेल याचा नेम नव्हता. भरवताना ती त्याच्या कंठाकडे बघे. कंठ हलला की दुसरा घास.

फाल्गुनात शेंगा घेऊन उतरताना तिचा पाय कातळावर मुरगळला. सुजून फणस झाला. डोंगरात जाऊन भारा आणणे शक्य नव्हते. माझ्या अंगणात ढलप्यांचा ढीग असे, पण मी त्या आठवड्यात गणेशगुळ्याला कामावर होतो आणि माझी बायको माहेरी; न विचारता हौसा काडी उचलीत नसे. लाकडे संपली. दळण देण्याचा दिवस तर ठरलेला. तिने बी कच्चेच दगडावर फोडले, टरफल पाखडले आणि लंगडत तरीपर्यंत गेली.

"आजची पूड पांढरी दिसते," डॉक्टर म्हणाले.

"बी नवं हाय," हौसा म्हणाली.

त्या पुडीच्या पुड्या केरूला सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याला उलटी झाली. तिसऱ्या दिवशी दोनदा. हौसा पुडी हातात घेऊन बसे. तिने पुडी बंद करावी तर डॉक्टरांना काय सांगावे, द्यावी तर विष देतोय की काय. तिने दिली. प्रत्येक पुडी देताना हात जोडत होती, हे तिने मला नंतर सांगितले. पाचव्या दिवशी सकाळी ती मागीलदारी भांडी घाशीत होती. पाठीमागे पाऊल वाजले. केरू उंबरठा ओलांडून बाहेर येऊन उभा होता. भिंतीला हात न लावता.

तिला आनंद झाला नाही. त्याची विडी वळणारी बोटेही थांबल्यासारखी होती. तिला वाटले, हात थांबला म्हणजे आता जीवच थांबणार. माणूस जाण्याआधी एकदा चांगला होतो, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेले असते.

"काय गो, भूत बगितल्यासारखी काय बगतंस?" केरू म्हणाला. "पेज हाय काय?"

तो अर्धी वाटी आपल्या हाताने प्याला. हौसा कंठाकडे बघत राहिली.

बुधवारी ढोलावरची रेघ निघाली. दात होते, पण लहान. लाकडाची करवत जाऊन जणू लोखंड कापायची लागली. डॉक्टरांनी कागद खिडकीशी नेला, परत आणला, चावी पुन्हा दिली, दुसरा कागद लावला. तीच रेघ. ते हौसाकडे वळले.

"या आठवड्यात काय वेगळं केलंस?"

"काय नाय."

"खाण्यात? झोपेत? दुसऱ्या कोणाचं औषध?"

"काय नाय, सायब."

"पूड?"

"ती तर तुमीच तोलून दिलात."

खोटे बोलायची तिला सवय नव्हती. कच्ची कुयली नवऱ्याला चारली म्हटले तर कामावरून काढतील, हे एक. उद्या केरूचे काही बरेवाईट झाले तर पोलीस विचारतील, हे दुसरे. आणि सायबाच्या कामात आपण आळस केला, ही लाज तिसरी. मला वाटते, तिसरीच सगळ्यांत मोठी होती. एवढ्या महिन्यांत एकदा तिने काम अर्धे केले, आणि नेमके तेच विचारले गेले.

पुढच्या आठवड्यात पाय बरा झाला. तिने भारा आणला आणि तीनदा उकळून, तीनदा ओतून बी केले. उलट्या थांबल्या. चौथ्या दिवशी केरू उंबरठ्याशी पुन्हा खिळला. बुधवारी रेघेचे दात पहिल्याएवढे. डॉक्टरांनी ढोल उघडून पाहिला आणि ठरवले की मागच्या वेळी कमान सैल पडली असावी. पुढच्या आठवड्यातही तेच दात. त्यांनी मुंबईला पत्र लिहिले. हौसासमोर पाकिटाला डिंक लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या अंगणात आली. मी करवतीचे दात लावीत होतो. तिने सगळे सांगितले, पायापासून पाकिटापर्यंत.

"म्हंजे कच्ची दिलीस तवा चालला?" मी विचारले.

"चालला. पन वकला बी."

"नि शिजवून दिलीस तवा?"

"वकला नाय. चालला बी नाय."

मी कानस खाली ठेवली. मला शिक्षण नाही, पण करवत कुठे अडते ते कळते.

"वैनी, सायबाला सांग."

"काडून टाकतील मना."

"ते आपनच मुंबैला निगालेत. तुला काडनार कोन?"

"नि म्हनतील, इतके दिवस माजं वाटोळं केलंस."

"म्हनतील. म्हनू देत."

ती करवतीशेजारी बसली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "भावजी, मी काम वाडवून केलंय. कमी नाय केलेला," म्हणाली. मी म्हटले, "ता पन सांग."

आम्ही दुपारच्या तरीने गेलो. मी दाराशी उभा राहिलो. हौसा आत गेली आणि उभ्याउभ्या, जमिनीकडे बघत, बोलली. पहिल्यांदा डॉक्टरांना समजलेच नाही. मग त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"पाणी? कसलं पाणी?"

"बियांचं. उकळलेलं. केळीला वतून टाकायचं ता."

"तू बी उकळतेस?"

"तीनदा."

"तुला कोणी सांगितलं उकळायला?"

हौसाने पहिल्यांदा वर पाहिले. "हेच्यात काय सांगाचा, सायब? वालाचं पानी तुमच्या घरात वतत नाय?"

डॉक्टर उठले. त्यांनी कपाटातून मूठभर बी काढले, स्टोव्ह पेटवला, भांडे तिच्यासमोर सरकवले आणि म्हणाले, "कर. जसं घरी करतेस तसंच."

भिजवायला वेळ नव्हता. तिने बी चेचून उकळले. पाणी आधी तांबूस झाले, मग काळपट. तिचा हात सवयीने भांडे मोरीकडे न्यायला उठला. डॉक्टर ओरडले, "थांब!" ती इतकी दचकली की भांडे हिंदकळून पाणी पायावर उडाले. त्यांनी त्या पाण्यात थेंब टाकला. हिरवा रंग खाली उतरत गेला आणि इतका गडद झाला की मला दारातूनही दिसला.

डॉक्टर स्टुलावर बसले. चष्मा काढला. "चार महिने," म्हणाले, "मी चोथा तपासत होतो. औषध केळीला गेलं."

हौसाला रडू फुटले. "मना शिक्षा करा, सायब. पन दवा बंद करू नका."

"शिक्षा तुला कशी करू? प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात, माल हातात आला की विचारा, याचं आधी काय केलंय. मी विचारलं नाही." त्यांनी वही उघडली. चार महिन्यांच्या पानांवर एक तिरकी रेघ मारली. फाडली नाहीत. खाली नवी तारीख घातली.

केरूला ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा त्याने परसातल्या केळीकडे पाहिले. मग म्हणाला, "तरीच आमची केळ वाऱ्यात पन हालत नाय." कितीतरी दिवसांनी तो स्वतःहून काही बोलला होता. हौसा त्याच्यावर चिडली. मग हसली. मग पुन्हा चिडली.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. कच्ची पूड किती द्यायची हे कोणाला ठाऊक नव्हते. कमी दिली तर पाय खिळत. जास्त दिली तर उलटी होई आणि मान नको तिकडे वळू लागे. डॉक्टर गुंजागुंजेने वाढवत. हौसा रोज काय झाले ते लक्षात ठेवून बुधवारी घडाघडा सांगे, ते लिहून घेत. डॉक्टरांनी मुंबईला दुसरे पत्र लिहून जाणे लांबवले. दुसऱ्या हंगामात रेघेचे दात कायमचे लहान झाले. गेले नाहीत. लहान झाले.

सन छत्तीसच्या वैशाखात माझ्या पुतण्याचे लग्न होते. पंगत अंगणात. केरू आला, भिंतीकडेची जागा धरून बसला. हौसा बायकांत उभी होती, पण तिचे लक्ष एका पत्रावळीवर. त्याने भात कालवला, घास उचलला. हात तोंडापाशी थोडा अडला. माझ्या शेजारचा म्हातारा आप्पा मोठ्याने म्हणाला, "केरू, भात गिळ रे. कापाचा काय हाय तेच्यात?" पंगत हसली. केरूने घास गिळला आणि म्हणाला, "तुजा वाटा कापतंय." त्याने सगळे पान संपवले. सांडले, पण भरवायला कोणी बसले नव्हते. हौसा आत निघून गेली. काय करीत होती ते पाहायला मी गेलो नाही.

त्या रसातली नेमकी वस्तू मात्र डॉक्टरांना सापडली नाही. सकाळी स्वच्छ काढलेला अर्क संध्याकाळपर्यंत बाटलीत काळा पडे. त्यांनी बाटल्या झाकून पाहिल्या, गारव्यात ठेवून पाहिल्या. "आहे एवढं कळलं. काय आहे ते कळलं नाही. आणि तिथे डोक्यात जाऊन ते काय करतं, ते तर कुठल्या कुठे," ते म्हणत. सन अडतीसच्या शिमग्याला त्यांचे पैसे आणि डोळे दोन्ही दमले. सामान खोक्यांत भरून ते बोटीने मुंबईला गेले. वह्या बरोबर नेल्या. जाताना हौसाला तोलायचा लहान तराजू देऊन गेले आणि तीनदा बजावले, "पाणी ओतायचं नाही."

आता नवीच काळजी. रत्नागिरीचे जाते डॉक्टरांच्या घरमालकाचे, जमिनीत बसवलेले. घरच्या जात्यावर कुयली दळायची सोय नाही. एक कण राहिला तर तांदळाच्या पिठातून पोराबाळांच्या पोटात जाणार. शेजारणींनी आधीच सांगून ठेवले होते, "आमच्या जात्याला हात लावू नको गो बाय." पूड साठवून ठेवली तर तिचा गुण जाई. आणि केरूचे तर आता एका पुडीवर दुपारही निघेना. बारा वाजायच्या सुमाराला पाय जड होऊ लागत. हौसा पाट्यावर ठेचून पाहत होती, पण भरड पूड त्याच्या नरड्यात अडके. दोन आठवडे तिने त्याला पुन्हा आतल्या खोलीत, दार लावून भरवले.

मग तिने मला बरोबर घेतले आणि आम्ही रत्नागिरीला पाथरवटाकडे गेलो. जांभ्याचे जाते चालत नाही, त्याचा खडा सुटतो. काळा दगड घाटावरून यायचा, म्हणून थांबावे लागले. तिने तळी, म्हणजे खालचा दगड, हात फिरवून तपासली, वरच्या पाळीचे तोंड लहान करून घेतले आणि टाकी पुन्हा लावायला सांगितली. पाथरवट कुरकुरला, "बाई, भाकरीचं पीठ दळाचंय की सोनं?"

"तू टाकी लाव," हौसा म्हणाली.

तरीत तळी मी धरली, पाळ तिने मांडीवर घेतली. चार हंगाम ती दुसऱ्या कोंबड्याला उठली, कुयलीत शिरली, खाडी ओलांडली. त्या मजुरीतले जात्यापुरतेच पैसे शिल्लक होते, आणि त्यातून कुयलीसाठी वेगळे जाते आले.